हेल्परने हेल्पिंग व्हर्ब का शिकावे?

गेल्या वर्षीची गोष्ट. कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत बाहेरून ऑडिटर आले होते. फेटलिंग खात्यात, म्हणजे कास्टिंगच्या कडा ग्राइंडरवर घासून साफ करतात तिथे, आमच्या वस्तीतला एक तरुण कंत्राटी हेल्पर म्हणून काम करत होता. हात उघडे. ऑडिटरने त्याला इंग्रजीत विचारले, "डिडन्ट दे गिव्ह यू ग्लव्हज?" पोराला प्रश्न समजला. हातमोजे दिले नाहीत का, असे साहेब विचारतोय. त्याने खरे तेच सांगितले. "येस सर." म्हणजे, व्हय सर, न्हाई दिलं.

ऑडिटरने लिहून घेतले: हातमोजे दिलेले आहेत, कामगार वापरत नाही.

तीन आठवड्यांनी ग्राइंडरच्या चाकाने त्याचा डावा तळहात फाडला. सात टाके पडले. ठेकेदाराने कागदावर 'कामगाराचा निष्काळजीपणा' असा शेरा मारला आणि पुरावा म्हणून ऑडिटमधली ती ओळ जोडली. पोरगा तो कागद घेऊन माझ्याकडे आला तेव्हा त्याचा प्रश्न एकच होता. "ताई, मी खोटं बोललो न्हाई. मग हितं खोटं कसं आलं?"

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे. उत्तर इंग्रजी व्याकरणात आहे आणि व्याकरणाच्या बाहेरही आहे. दोन्ही सांगते.

'येस सर' पुरते इंग्रजी

माझी पिढी पाचवीपासून इंग्रजी शिकली. महाराष्ट्रात २००० सालापासून ते पहिलीपासून सुरू झाले. म्हणजे आज कारखान्यात लागणाऱ्या विशीतल्या पोरापोरींनी शाळेत निदान दहा वर्षे इंग्रजी शिकलेले असते. तरी मी विहारातल्या अभ्यासवर्गात त्यांना बोलायला सांगते तेव्हा काय येते? 'माय नेम इज', 'आय लिव्ह इन', 'माय फादर इज अ फार्मर'. सगळी वाक्ये होकारार्थी. सगळी स्वतःची ओळख करून देणारी. समोरचा विचारणार आणि आपण सांगणार.

आता त्यांनाच मी म्हणते, माझा पगार का कापला, हे इंग्रजीत विचारा. वर्ग गप्प होतो. मग कोणीतरी धीर करून म्हणते, "व्हाय यू कट माय पेमेंट?" मी सही करणार नाही, हे सांगा म्हटले की "आय नो साइन" इथवर गाडी येते आणि थांबते.

हा योगायोग आहे का? शाळेत प्रश्नार्थी आणि नकारार्थी वाक्यरचना शिकवलेली असते. 'डू ॲज डायरेक्टेड'मध्ये एक गुण असतो. विधानाचे प्रश्नात रूपांतर करा, नकारार्थी करा. पण ते रूपांतर कागदावरच्या वाक्याचे असते. आपल्या मनातला प्रश्न कोणाला तरी विचारण्यासाठी हे व्याकरण आहे, असे आपल्याला कोणी सांगितले नाही. आणि बारावीनंतरच्या मुलाखतीच्या तयारीच्या वर्गांत तर हसतमुख रहा, नम्र रहा, 'येस सर' म्हणा, एवढेच पढवले जाते. ज्या समाजाला शतकानुशतके प्रश्न विचारू दिला नाही आणि नाही म्हणू दिले नाही, त्या समाजाच्या मुलांपर्यंत इंग्रजी पोहोचले तेही प्रश्न आणि नकार वगळून पोहोचले. म्हणून मी याला व्याकरणाचा किरकोळ धडा मानत नाही.

हेल्पर पुढे यावा लागतो

एमआयडीसीत 'हेल्पर' म्हणजे कोण, हे तुम्हाला सांगायला नको. मशीनवर नाव ऑपरेटरचे, उचलाउचल हेल्परची. इंग्रजी व्याकरणातही एक हेल्पर आहे. त्याला 'हेल्पिंग व्हर्ब' म्हणतात, मराठीत सहायक क्रियापद. ॲम, इज, आर, वॉज, वेअर, हॅव, हॅज, हॅड, कॅन, विल, शुड, मस्ट आणि डू, डझ, डिड.

नियम दोनच आहेत.

पहिला नियम. वाक्यात हेल्पर आधीच असेल तर प्रश्न विचारताना त्याला कर्त्याच्या पुढे आणायचे. 'यू आर कटिंग माय पेमेंट' याचा प्रश्न 'आर यू कटिंग माय पेमेंट?' नकार द्यायचा असेल तर हेल्परच्या मागे 'नॉट' लावायचे. 'आय विल साइन' याचा नकार 'आय विल नॉट साइन', बोलताना 'आय वोन्ट साइन'.

दुसरा नियम. वाक्यात हेल्पर नसेल तर बोलवायचा. 'ही वर्क्स हिअर' या वाक्यात हेल्पर नाही. प्रश्न करायचा तर 'डझ' बोलवा: 'डझ ही वर्क हिअर?' नकार: 'ही डझ नॉट वर्क हिअर.' भूतकाळ असेल तर 'डिड'. 'दे पेड ओव्हरटाइम' याचा प्रश्न 'डिड दे पे ओव्हरटाइम?', नकार 'दे डिड नॉट पे ओव्हरटाइम.' इथे एक गोष्ट नीट बघा. 'वर्क्स'मधला 'स' कुठे गेला? तो 'डझ'ने घेतला. 'पेड'मधला भूतकाळ कुठे गेला? तो 'डिड'ने उचलला. मुख्य क्रियापद मोकळे झाले. काळाचा आणि पुरुष-वचनाचा सगळा बोजा हेल्परच्या डोक्यावर.

याला अपवाद एकच लक्षात ठेवा. 'हू' स्वतःच कर्ता असेल तर 'डिड' लागत नाही. 'हू टूक माय गेटपास?' एवढेच पुरे.

म्हणजे साध्या होकारार्थी वाक्यात डू, डझ, डिड सहसा दिसतही नाहीत. पण प्रश्न विचारायची किंवा नाही म्हणायची वेळ आली की त्यांच्याशिवाय इंग्रजीचे पान हलत नाही. प्रश्न विचारायचा असेल तर हेल्पर पुढे यावा लागतो. मी वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहिते तेव्हा पोरे हसतात. त्यांना दोन्ही अर्थ कळलेले असतात.

चूक डोक्यात नाही, दोन भाषांच्या सांध्यात आहे

आपली मुले 'ही डिड नॉट केम' म्हणतात आणि इंग्रजी माध्यमातली मुले त्यांना हसतात. ही चूक का होते ते समजून घेतले तर लाज वाटायचे कारण उरत नाही.

मराठीत बघा. 'तो येतो' याचा नकार काय? 'तो येत नाही.' 'ते येतात' याचा? 'ते येत नाहीत.' 'तू येतोस' याचा? 'तू येत नाहीस.' क्रियापद तिन्ही ठिकाणी 'येत' एवढेच राहिले आणि एकवचन, अनेकवचन, तू, ते हा सगळा फरक 'नाही'ने उचलला. म्हणजे 'डझ'ने 'स' उचलावा तसेच. इंग्रजीतली ही युक्ती आपल्या आईच्या भाषेत आहेच. लिहिता-वाचता न येणारी आजीसुद्धा दिवसातून शंभर वेळा ती बिनचूक वापरते.

घोटाळा भूतकाळात होतो. 'तो आला' याचा नकार मराठीत 'तो आला नाही'. इथे भूतकाळ 'आला'कडेच राहतो. इंग्रजीत मात्र तो 'डिड'कडे जातो: 'ही डिड नॉट कम.' मराठीच्या सवयीने आपण 'आला' हे 'केम' ठेवतो आणि वर 'डिड'ही लावतो. एकाच वाक्यात भूतकाळ दोनदा. प्रश्नाचेही तसेच. मराठीत विधानाला शेवटी 'का' जोडला की प्रश्न झाला, शब्दांची जागा बदलावी लागत नाही. म्हणून आपण 'व्हाय यू आर कटिंग' म्हणतो. शब्द सगळे बरोबर, फक्त हेल्पर कर्त्याच्या मागे राहिला.

आणि इंग्रजी ही काही आकाशातून पडलेली देववाणी नाही. इंग्लंडमधले लोकही पूर्वी 'आय नो नॉट', 'नो यू हिम?' असेच म्हणत. शेक्सपिअरच्या काळात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालत होत्या. साधारण १५०० ते १७०० या दोनशे वर्षांत 'डू'ची पद्धत बसत गेली. माणसांनी बोलता बोलता घडवलेला नियम आहे, तो माणसाला शिकता येतो. जन्माने मिळणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात, आणि त्यांचा अनुभव आपल्याला पुरेसा आहे.

हो कशाला आणि नाही कशाला

आता त्या हातमोज्यांकडे येऊ. मराठीत नकारार्थी प्रश्न आला की आपला 'हो' बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या म्हणण्याला लागतो. "जेवला नाहीस का?" "हो, नाही जेवलो." तू म्हणतोस ते बरोबर आहे, असा तो 'हो' असतो. इंग्रजीत 'येस' आणि 'नो' विचारणाऱ्याच्या म्हणण्याला लागत नाहीत, घडलेल्या गोष्टीला लागतात. दिले असतील तर 'येस', दिले नसतील तर 'नो'. प्रश्न होकारार्थी असो की नकारार्थी.

म्हणून 'डिडन्ट दे गिव्ह यू ग्लव्हज?' याला आपल्या पोराने दिलेला 'येस' मराठीत खरा होता आणि इंग्रजीत खोटा. ऑडिटरने त्याच्या भाषेच्या नियमाने लिहिले. त्या क्षणापुरता दोघांपैकी कोणीही खोटे बोलले नाही. पण कागद ज्याच्या भाषेत लिहिला जातो, त्याच्याच नियमाने खरे-खोटे ठरते. आणि टाके दुसऱ्याच्या हाताला पडतात.

यावर उपाय सोपा आहे. इंग्रजीत कधीही एकट्या 'येस'वर किंवा 'नो'वर थांबू नका. मागे हेल्पर लावा. 'नो, दे डिडन्ट.' 'येस, आय डिड.' 'नो, आय हॅवन्ट.' दोन शब्द जास्त लागतात, पण मग ते वाक्य उलटे लिहून घेणे कोणालाही सोपे जात नाही.

आपल्याच मातीतला वारसा

आपण बाबासाहेबांच्या इंग्रजीचा अभिमान सांगतो तेव्हा कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या मोजतो. त्यांच्या इंग्रजीतले प्रश्न मोजत नाही. १९३३ साली लंडनमध्ये जॉइंट पार्लमेंटरी कमिटीपुढे साक्षी झाल्या. तिथे बाबासाहेबांनी साक्षीदारांना उलट प्रश्न विचारले, आणि त्या साक्षीदारांत विन्स्टन चर्चिलही होते. महूला जन्मलेला, साताऱ्याच्या शाळेत वेगळा बसवलेला मुलगा ब्रिटिश साम्राज्याच्या राजधानीत त्या साम्राज्याच्या पुढाऱ्याला त्याच्याच भाषेत प्रश्न विचारतो, याचा अर्थ पदवीपेक्षा मोठा आहे. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या लेखन आणि भाषणांच्या दुसऱ्या खंडात ती प्रश्नोत्तरे आहेत. वाचा. १९४६ साली आलेल्या त्यांच्या एका ग्रंथाचे नावच प्रश्न आहे: 'हू वेअर द शूद्राज?' 'वेअर' कर्त्याच्या आधी आला आहे, बघा. व्याकरणाचा तोच नियम. पण त्या एका प्रश्नाने एका मोठ्या रचनेला उत्तर द्यायला उभे केले.

आणि नकार? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञा काढा. पहिल्या आठही नकाराच्या आहेत. मानणार नाही, करणार नाही, करवून घेणार नाही. समतेचा होकार नवव्या प्रतिज्ञेत येतो. आधी नाकारायचे काय ते स्पष्ट, मग स्वीकारायचे काय ते. तथागतांनी कालामांना दिलेला उपदेशही नकारानेच सुरू होतो: केवळ परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका. प्रश्न आणि नकार हे आपल्या धम्मात उद्धटपणा मानलेले नाहीत. ते विचाराचे पहिले पाऊल आहे.

हे सगळे कागलपासून लांबचे वाटत असेल तर जवळचे सांगते. शाहू महाराजांचा जन्म कागलच्या घाटगे घराण्यातला. १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. पंचतारांकित एमआयडीसी कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांत पसरली आहे. त्याच हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात २१ आणि २२ मार्च १९२० ला परिषद झाली आणि शाहू महाराजांनी बाबासाहेब हे तुमचे पुढारी आहेत असे जाहीर सांगितले. त्याच्या दोनच महिने आधी 'मूकनायक' निघाला होता, त्यालाही महाराजांचे अर्थसाहाय्य होते. मुक्यांचा नायक. शंभर वर्षांनंतर त्याच शिवारात उभ्या राहिलेल्या कारखान्यांत आपली पोरे इंग्रजी कागदापुढे मुकी उभी राहत असतील, तर माणगावच्या शताब्दीचे फलक लावून आपण नेमके काय केले?

दोन आक्षेप

पहिला आक्षेप चळवळीतले मित्रच घेतात. "कामगाराने इंग्रजी का शिकावे? कंपनीने मराठीत कागद द्यावा. तो आपला हक्क आहे." शंभर टक्के मान्य. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, त्याच काळात, १९४६ साली, स्थायी आदेशांचा कायदा झाला. कारखान्याचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत ठळकपणे लावले पाहिजेत, असे बंधन त्याने घातले. म्हणजे मराठीची मागणी कायद्याला नवी नाही. पण मला सांगा, मराठी प्रत मागायची कोणाकडे? गेटवर मराठी चालते, सुपरवायझरशी हिंदी चालते, पण ज्याच्या सहीने काम होते तो अनेकदा इंग्रजीतच लिहितो. 'इज देअर अ मराठी कॉपी?' हा प्रश्न इंग्रजीत टाकता आला तर मराठीची लढाईही लवकर पुढे सरकते. सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्यांनी मराठीतच कविता लिहून तो धरला होता. दोन्ही भाषा आपल्या.

दुसरा आक्षेप असा की व्याकरणाचा हा बाऊ म्हणजे नवी शुद्ध-अशुद्ध सोवळेगिरी आहे, भावना पोचल्याशी कारण. यातही तथ्य आहे. उच्चार कोल्हापुरी असू द्या, 'द' आणि 'अ' चुकू द्या, स्पेलिंग चुकू द्या. मी वर्गात त्यावर कोणाला टोकत नाही. पण 'येस' आणि 'नो' उलटले की अर्थच उलटतो, आणि अर्थ उलटला की पगार, नोकरी, कधी बोटेही जातात. जिथे चुकीची किंमत आपल्याच माणसाला मोजावी लागते, तिथे नेमकेपणा शिकवणे हे चळवळीचे काम आहे.

करायचे काय

मी तरुण कार्यकर्त्यांना एकच सुचवते. विहारात, समाजमंदिरात इंग्रजीचा वर्ग घेत असाल तर 'माय नेम इज'पासून सुरू करू नका. प्रश्नापासून सुरू करा. पहिल्या रविवारी एवढी वाक्ये तोंडपाठ होऊ द्या:

'व्हाय वॉज माय पेमेंट कट?' माझा पगार का कापला?

'हाऊ मेनी ओव्हरटाइम अवर्स डिड यू काउंट?' ओव्हरटाइमचे किती तास धरले?

'व्हेन विल आय गेट माय पेमेंट स्लिप?' पगाराची पावती कधी मिळेल?

'आय डिड नॉट रिसीव्ह ग्लव्हज.' मला हातमोजे मिळाले नाहीत.

'आय डोन्ट अंडरस्टँड धिस. आय वोन्ट साइन इट टुडे.' मला हे समजलेले नाही. मी आज सही करणार नाही.

ही वाक्ये घोकून घेऊ नका. एकाने साहेब व्हायचे, एकाने कामगार. साहेबाने मुद्दाम नकारार्थी प्रश्न टाकायचे: 'डिडन्ट यू साइन?' 'हॅवन्ट यू टेकन ट्रेनिंग?' उत्तर देणाऱ्याने प्रत्येक 'येस' आणि 'नो'च्या मागे हेल्पर लावायचा. आमच्या वर्गात शिलाई युनिटमध्ये जाणाऱ्या मुली यात मुलांपेक्षा लवकर तयार झाल्या. मी कारण विचारले तर एक म्हणाली, "ताई, घरात न्हाई म्हणायची सवय झाल्याय, आता फकस्त इंग्रजीत म्हणायचं."

हेही स्पष्ट सांगते की नुसत्या वाक्यरचनेने शोषण थांबत नाही. एकट्याने 'आय वोन्ट साइन' म्हटले तर दुसऱ्या दिवशी गेटपास बंद होतो, हे मला माहीत आहे. त्यासाठी संघटना लागते. पण संघटनेचे पहिले निवेदनही कोणीतरी लिहावे लागते, आणि त्यातही प्रश्न आणि नकारच असतात.

त्या पोराच्या हातावरचे टाके निघाले. तो परत कामावर जातो. निष्काळजीपणाचा शेरा अजून त्या कागदावर आहे. आम्ही ठेकेदाराला आणि कंपनीला पत्र दिले, मराठीत आणि इंग्रजीत. इंग्रजी पत्रातले पहिले वाक्य त्याने स्वतः लिहिले: 'आय डिड नॉट रिसीव्ह ग्लव्हज.' मी फक्त 'रिसीव्ह'चे स्पेलिंग सुधारले. खाली तीन प्रश्न आहेत. हातमोजे कोणत्या तारखेला दिले? कोणाच्या सहीने दिले? त्या सहीची प्रत कुठे आहे? उत्तर आलेले नाही. आता दुसरे पत्र जाणार आहे, आणि त्यावर त्याच्यासोबत खात्यातल्या अकरा हेल्परांच्या सह्या आहेत. सही करण्याआधी अकराही जणांनी ते पत्र वाचून घेतले. दोघांनी विचारले, हे वाक्य असे का लिहिले? मला त्या दोन प्रश्नांचा सगळ्यात जास्त आनंद झाला.

जय भीम!